टेस्टिंगला पास, बोअरमध्ये फेल: मोटारींची क्वालिटी नेमकी कुठे सांभाळायची?

तांब्याची_तार

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. बोअरमध्ये सोडायच्या सबमर्सिबल मोटारी बनवतो, ३ ते १० एचपी. वडिलांनी रिवाइंडिंगच्या एका गाळ्यातून सुरुवात केली, आता आम्ही चौदा जण आहोत.

अडचण अशी. आमची एकही मोटार टेस्ट केल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. स्टेटर (मोटारीचा तार भरलेला स्थिर भाग) पाण्याच्या टाकीत बुडवून मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणं), मग हाय व्होल्टेज, जोडणी झाल्यावर नो-लोड करंट (मोटार लोडशिवाय चालवून). सगळं रजिस्टरला लिहिलेलं. तरी मार्च उजाडला की फोन सुरू होतात. गेल्या हंगामात ४१ मोटारी परत आल्या. सगळ्या बदलून दिल्या, पण पैशापेक्षा दुसरंच मनाला लागतं. ऐन उन्हाळ्यात बोअरमधून मोटार वर काढायची म्हणजे आधी ती काढणारी माणसं शोधा, मग एकेक पाइप सोडवा, आणि तोवर बागेला पाणी नाही. सांगोल्याकडच्या एका डाळिंबवाल्याने फोनवर एवढंच सांगितलं, "दादा, फुलं गळाली." त्यानंतर बरेच दिवस मला नीट झोप नव्हती.

रजिस्टर काढून बसलो तर ४१ पैकी २९ मोटारी डिसेंबर-जानेवारीत बनलेल्या निघाल्या.

एकाने सल्ला दिला की शेवटी आणखी एक टेस्टर बसव आणि प्रत्येक मोटारीचं हाय व्होल्टेज दोनदा कर. करू का? की क्वालिटी सांभाळायची जागाच वेगळी आहे? कारखान्यात काम केलेल्यांनी, मोटारी दुरुस्त करणाऱ्यांनी, वापरणाऱ्यांनी, सगळ्यांनी सांगा.

शेंगाचटणी

वाचतोय. आमच्या शेतावरची मोटार पण एप्रिलमध्येच गेली होती. कुणाची ते बघून सांगतो.

जुना_टेस्टर

तीस वर्षं मोटारींच्या टेस्टिंगमध्ये घालवली, आता निवृत्त होऊन सोलापुरात परत आलोय. तुमच्या प्रश्नातल्या दोन गोष्टींवर लगेच बोलतो.

पहिली, हाय व्होल्टेज दोनदा करू नका. नवीन मोटारीला ही टेस्ट म्हणजे व्होल्टेजच्या दुप्पट अधिक १०००. तुमच्या ४१५ व्होल्टच्या मोटारीला १८३० व्होल्ट, एक मिनिट. हा इन्सुलेशनवर खरोखरचा ताण असतो. म्हणूनच पुन्हा घ्यायची वेळ आली तर ८० टक्केच व्होल्टेज लावायचा नियम आहे. पूर्ण व्होल्टेज परत परत लावलं तर चांगल्या मोटारीचंही आयुष्य थोडं थोडं खाल्लं जातं. म्हणजे टेस्ट वाढवून क्वालिटी वाढत नाही, इथे तर कमीच होईल.

दुसरी, मेगर कधी घेता? सकाळी की दुपारी? टाकीतलं पाणी किती अंशाला असतं? विचारण्याचं कारण असं की इन्सुलेशनचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर झपाट्याने उतरतो. ढोबळ हिशेब, दर १० अंशाला निम्मा. पीव्हीसीचं इन्सुलेशन असेल तर त्याहूनही वेगाने. जानेवारीत सकाळी पाणी २० अंशाला असताना २०० मेगओहम दाखवणारा स्टेटर ४० अंशाच्या पाण्यात साधारण ५० दाखवेल. स्टेटर तोच, वायंडिंग तेच. तुमची पासची मर्यादा मात्र बारा महिने एकच असणार. थंडीत ती मर्यादा कमकुवत मालालाही सोडते. रीडिंगशेजारी पाण्याचं तापमान लिहा आणि रीडिंग हिशेबाने ४० अंशावर आणून मगच तुलना करा.

तांब्याची_तार

काका, तापमानाचा रकानाच नाही आमच्या रजिस्टरला. आणि डिसेंबर-जानेवारीत टेस्टिंग सकाळी आठलाच होतं, कारण दुपारी डिस्पॅच. हे कधी डोक्यातच आलं नाही.

कोळसा_ते_करंट

पण दहा अंशाला निम्मं हे इन्सुलेशनच्या आयुष्याबद्दल असतं ना? आम्हाला डिप्लोमाला तसं शिकवलं होतं.

जुना_टेस्टर

दोन्ही नियम आहेत, ऐकायला सारखे आहेत, म्हणून घोटाळा होतो. इन्सुलेशन कायम दहा अंश जास्त तापत राहिलं तर आयुष्य साधारण निम्मं होतं, ते कायमचं नुकसान. मी सांगितलं ते त्या क्षणाच्या रीडिंगबद्दल. पाणी गार झालं की रीडिंग परत चढतं.

मोहोळचा_वायंडर

मी मोहोळला रिवाइंडिंग करतो, बावीस वर्षं झाली. जळकी मोटार उघडली की ती बोलती बघा. ४१ मोटारी उघडल्यावर आत काय दिसलं ते तुम्ही लिहिलंच न्हाई. त्याशिवाय कोण काय सांगणार?

तीन फेजच्या कॉइली जोडायच्या दोन तऱ्हा, स्टार आन डेल्टा. स्टारची मोटार एक फेज जाऊन दोन फेजवर चालली असंल तर दोन फेजच्या कॉइली काळ्याठिक्कर आन तिसरी जशीच्या तशी. डेल्टाची असंल तर उलटं, एकच फेज जळालेली आन दोन चांगल्या. सगळं वायंडिंग एकसारखं काळं पडलं असंल तर व्होल्टेज कमी हुतं न्हाईतर पंप जाम झालावता. हे तुमच्या कारखान्यातलं पाप न्हाई. पण बाकी सगळं स्वच्छ आन एकाच जागी सुईनं टोचल्यासारखं भोक, तिथं तांबं वितळून मणी झालेला, असं दिसलं तर तो दोष माल बनवतानाचा. स्लॉटच्या (तार बसते त्या खाचेच्या) तोंडावर असंल तर स्टॅम्पिंगची बर, म्हंजी पत्र्याच्या कडेचा धारदार काटा, न्हाईतर तार वढताना खरवडलेली. केबलच्या जॉइंटला असंल तर टेपिंग.

आमच्याकडं काय हुतं, गिऱ्हाइकाला घाई, मी वायंडिंग कापून भंगारात टाकतो आन नवीन भरतो. कंपनीला कुणी सांगतच न्हाई आत काय हुतं ते.

मंगळवेढा_ज्वारी

दोन फेज आणि कमी व्होल्टेज म्हटलं की सगळं खापर आमच्यावर फुटतं, म्हणून बोलतो. रात्री लाइट येते, तीही ३५०च्या आसपास. आम्ही काय करायचं? पाणी तर द्यावंच लागतं. कारखानदारांनी ४१५ व्होल्ट धरून मोटार बनवली आणि आमच्या डीपीवर ४१५ कधी दिसलेच नाहीत, तर मोटार कुणासाठी बनवली?

जुना_टेस्टर

तुमचं म्हणणं रास्त आहे. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने उतरतो. ४१५च्या जागी ३५० आले की टॉर्क ७१ टक्क्यांवर येतो, पण पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग करंट चढतो आणि वायंडिंग तापतं. या भागात विकायची मोटार कमी व्होल्टेजला किती तापते हे कारखान्यातच बघायला हवं. डिझाइन झाल्यावर निदान एका नमुन्याची ३५० व्होल्टवर पूर्ण लोडची हीट रन घ्या.

आकडेमोड

मी चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. २९ विरुद्ध १२ बघून लगेच थंडीवर जाऊ नका. हंगामासाठी स्टॉक करायचा म्हणून डिसेंबर-जानेवारीत उत्पादनच जास्त असणार. जास्त बनवल्या तर जास्तच परत येणार. किती बनवल्या आणि त्यातल्या किती आल्या, हे महिन्यावार काढा. त्यानंतरच काही बोलता येईल.

या निमित्ताने थोडं सांगतो, कारण आपल्या धंद्याशी त्याचं थेट नातं आहे. कंट्रोल चार्ट म्हणजे रीडिंग ओळीने मांडून वर-खाली मर्यादेच्या रेषा आखलेला तक्ता. त्याचा जन्मच विजेच्या आणि टेलिफोनच्या उपकरणांच्या कारखान्यातला. वॉल्टर शूहार्ट वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या इन्स्पेक्शन विभागात होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी साहेबाला जेमतेम पानभराचा कागद दिला, त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता. टेलिफोनची बरीच सामग्री जमिनीखाली गाडली जायची. बिघडली की खणून काढायची, म्हणजे खर्च आणि खोळंबा. आपल्या बोअरच्या मोटारीचं तेच दुखणं. शूहार्टचं म्हणणं असं होतं की प्रत्येक प्रक्रियेत थोडा चढउतार असतोच, त्याच्या मागे धावू नका. पण एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर तिथे काहीतरी वेगळं घडलंय, ते शोधा. पुढे १९४७-४८मध्ये इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या निमंत्रणावरून ते भारतातही येऊन गेले.

रीडिंग नुसतं पास-नापास लिहू नका, आकडा लिहा. सलग आठ-दहा स्टेटरचा आकडा खाली सरकायला लागला तर एकही नापास होण्याआधी तुम्हाला कळेल.

खर्च_बघा

सगळं वाचायला छान आहे, पण चौदा माणसांच्या कारखान्यात चार्ट कोण भरणार? गिऱ्हाईक दुकानात दोनशे रुपये कमी कुठे ते बघतं. माझा पॅनल बोर्डचा धंदा आहे. क्वालिटीची फाइल दोनदा बनवली, दोन्ही वेळा ती ऑडिटपुरतीच उघडली. माझ्या मते वॉरंटीचा खर्च किमतीत धरावा आणि पुढे चालावं. हे कडवट वाटेल, पण मी तसंच करतो.

आकडेमोड

चार्ट भरायला दिवसाला दहा मिनिटं लागतात. एक मोटार बदलून द्यायला किती लागतात?

धोटा

मी विजेचा माणूस नाही. आमचे टॉवेलचे लूम आहेत, आजोबा मिलमध्ये जॉबर होते. तरी राहवलं नाही म्हणून लिहितो.

चूक झाली की काम तिथेच थांबवायचं, ज्याला आज सगळे टोयोटाची पद्धत म्हणतात, त्याचं मूळ मागावर आहे. साकिची टोयोडांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा लूम केला. त्यांचा जी टाइप लूम १९२४चा, म्हणजे वर आकडेमोड यांनी सांगितलेल्या कागदाचंच वर्ष. त्याच्या पेटंटचे हक्क १९२९मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले.

आमच्या शेडमध्ये हे रोज दिसतं. ज्या लूमला ताण्याची (उभ्या धाग्यांची) ड्रॉप पिन आहे, तिथे एक तार तुटली की पिन खाली पडते आणि लूम जागेवर थांबतो. साध्या लूमवर विणकराचं लक्ष चुकलं तर हातभर कापडात उभी रेघ पडून जाते. फोल्डिंगच्या टेबलावर तो टॉवेल सेकंड क्वालिटीत काढता येतो, पण वाया गेलेलं सूत परत येत नाही. तुमचा टाकीवरचा मेगर म्हणजे आमचं फोल्डिंगचं टेबल. तुमच्या वायंडिंगच्या बाकावर ड्रॉप पिन कुठे आहे?

शेंगाचटणी

धोटा दादा, हा प्रतिसाद जपून ठेवला. अवांतर: आजोबांच्या मिलच्या आठवणींवर वेगळा धागा काढाच. माझे आजोबा भोंग्यावर घड्याळ लावायचे.

धोटा

काढतो, दिवाळीनंतर. ऑर्डरींचा रेटा आहे.

विडी_घरकुलची_लेक

मी वायंडिंग करते. एका मोटारीच्या कारखान्यात अकरा वर्षं झाली, आता सहा जणींच्या कामावर बघते. इथे सगळे टेस्टिंगवरच बोलतात म्हणून मुद्दाम लिहिते.

माझी आई विड्या वळायची. रोज संध्याकाळी माल घेऊन जायची, आणि तिथे बसलेला माणूस मूठभर विड्या बाजूला काढायचा, "छाट." का काढल्या ते सांगायचा नाही. पान जाड होतं, तंबाखू कमी होता, की तोंड नीट बंद नव्हतं? आई घरी येऊन विचार करत बसायची. मजुरी कापली जायची आणि दुसऱ्या दिवशी विडी तशीच वळली जायची, कारण काय सुधारायचं तेच तिला माहीत नसायचं. मला टाकीवरचं टेस्टिंग बघितलं की तेच आठवतं. नापास स्टेटर परत येतो, पण काय चुकलं ते बाकापर्यंत येतच नाही.

आता केबलच्या जॉइंटचं सांगते. तार सोलताना ब्लेड आडवं धरलं तर तांब्याला खाच पडते, ते तिरकं धरायचं. पीळ देऊन सोल्डर केल्यावर टोकाला कधी कधी काट्यासारखं बारीक टोक राहतं. डोळ्यांना दिसत नाही, पण नखाला लागतं. ते कानशीने मोडलं नाही तर टेप कितीही गुंडाळा, ते टोक आतून हळूहळू टेप टोचत राहतं. मोटार चालू-बंद होताना वायर जराशी हलते ना, तेव्हा. रबर टेप ताणून, अर्ध्यावर अर्धा चढवत गुंडाळायचा, आणि सुरुवात सोललेल्या जागेवरून नाही, बोटाच्या एका पेराएवढं आधी मूळ इन्सुलेशनवरून. हात कोरडे हवेत. घामाने टेप चिकटल्यासारखा वाटतो, पण धरत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक कुठे होते सांगू? तीन जॉइंट असतात, मध्येच कुणी हाक मारली की तिसऱ्याला एक थर कमी पडतो. वरून तिन्ही सारखेच दिसतात.

तांब्याची तार दादा, डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडे जॉइंट कोण करत होतं?

जुना_टेस्टर

ताई, इतकी वर्षं मी टाकीच्या या बाजूला उभा होतो. आज त्या बाजूचं ऐकायला मिळालं. तुमचा प्रश्नच खरा प्रश्न आहे.

एका थराची चूक कशी थांबवायची यावर एक जुनं उदाहरण आहे, तेही विजेच्या वस्तूचं. जपानमध्ये १९६१ साली यामाडा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात दोन बटणांचा एक छोटा स्विच बनायचा, प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कधी कधी स्प्रिंग घालायचीच राहून जायची. "लक्ष द्या" सांगून काही फरक पडेना. शिगेओ शिंगो यांनी एकच बदल सुचवला: आधी दोन स्प्रिंग एका बशीत काढून ठेवायच्या, मग स्विच जोडायचा. बशीत स्प्रिंग उरली तर स्विच अजून आपल्याच हातात आहे. याच पद्धतीला पुढे पोका-योके म्हणू लागले. आधी त्याला मूर्खांनाही न चुकता येणारी पद्धत अशा अर्थाचं नाव होतं. एका कामगार बाईला ते लागलं, तिला रडू आलं, म्हणून शिंगोंनी नाव बदललं. चूक माणसाकडून होतेच, म्हणून माणूस मूर्ख ठरत नाही.

खर्च_बघा

बशीला खर्च नाही, हे मान्य.

तांब्याची_तार

धागा वर आणतोय. पाच आठवडे लागले, पण सगळ्यांनी सांगितलेलं करून बघितलं.

आकडेमोड, वर्षभरात ११५० मोटारी बनल्या. डिसेंबर-जानेवारीत ५२०, त्यातल्या २९ परत आल्या, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या वर. उरलेल्या दहा महिन्यांच्या ६३० पैकी १२, दोन टक्क्यांच्या आत. उत्पादन जास्त होतं हे खरंच, पण नुसतं तेवढं कारण पुरत नाही.

मोहोळच्या दादांनी सांगितल्यावर लक्षात आलं की आम्हीही जळकं वायंडिंग कापून भंगारात टाकत होतो. नशिबाने आमच्या एका मुलाने मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. त्या २९ पैकी १९चे फोटो सापडले. १३मध्ये एकच भोक, तेही जॉइंटजवळ. ३ एकसारख्या काळ्या, २ दोन फेजवर गेलेल्या, एकाचं कळत नाही.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला हजेरीपट काढला. आमच्याकडे जॉइंट दोनच बायका करतात. दोघी बाळीवेशीच्या, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला दोघींची रजा ठरलेली. त्या दहा-बारा दिवसांत ऑर्डर अडू नये म्हणून मीच असेंब्लीच्या दोन मुलांना जॉइंटला बसवलं होतं. त्यांना कुणी नीट शिकवलं नव्हतं. त्यांची चूक नाही, ती माझी आहे. १३पैकी ९ मोटारींचे नंबर त्याच दिवसांतले निघाले.

आणि ते जॉइंट टेस्टला पास का झाले, ते काकांनी सांगितलं. गोडाऊनमध्ये तेव्हाचेच ६० स्टेटर पडून होते. टाकीत हीटिंग रॉड टाकून पाणी ४० अंशाला नेलं, रात्रभर बुडवून ठेवले आणि मेगर घेतला. सकाळच्या गार पाण्यात सगळेच्या सगळे पास झालेले होते. गरम पाण्यात ५८ पास, २ एकदम खाली. दोन्ही स्टेटरचा तिसरा जॉइंट सोडवून बघितला. एकात रबर टेपचा एक थर कमी. दुसऱ्यात सोल्डरचं टोक, ताई म्हणाल्या तसंच, दिसत नव्हतं पण नखाला लागलं.

आता प्रत्येक स्टेटरबरोबर एक ट्रे येतो. तीन खाचा, प्रत्येकीत त्या जॉइंटचे मोजून कापलेले टेपचे तुकडे. ट्रेमध्ये तुकडा उरला असेल तर स्टेटर पुढे जात नाही. टेप गुंडाळण्याआधी दुसरीने नख फिरवून बघायचं. कुणालाही शंका आली तर स्टेटर बाजूला ठेवायचा, मला विचारायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात बाजूला ठेवलेल्यांचा ढीग बघून माझ्याच पोटात गोळा आला होता, आता रोज एखादा असतो. आणि नापास स्टेटरचा जॉइंट टाकीवरून कापून परत त्या बाकावरच जातो, करणारीच्या हातात.

मंगळवेढ्याचे दादा, ३५० व्होल्टची हीट रन अजून घेतलेली नाही. लोडची सोय भाड्याने बघतोय.

विडी_घरकुलची_लेक

वाचून बरं वाटलं दादा. ट्रेमधले तुकडे सकाळीच सगळे कापून ठेवू नका. एप्रिलमध्ये पत्र्याखाली टेप मऊ होऊन एकमेकांना चिकटतो, मग ताणताना तुटतो. दोन तासांपुरतेच कापा. आणि त्या दोन मुलांना आत्ता पावसाळ्यातच शिकवायला घ्या, जानेवारी यायच्या आत हात बसेल.

तांब्याची_तार

सोमवारपासून दोघंही त्यांच्या बाकावर बसतील. यंदा गड्ड्याच्या आठवड्यात जॉइंटचं टेबल बंद ठेवून त्याआधीच स्टॉक करायचा असंही ठरवलंय.

मंगळवेढा_ज्वारी

हीट रन झाली की आकडे इथेच टाका. गावात चार-पाच जणांना मोटारी घ्यायच्या आहेत, थांबायला सांगतो.

खर्च_बघा

टाकी किती लिटरची आणि पाणी तापायला किती वेळ लागतो? रॉड पाण्यात असताना हाय व्होल्टेज कसं लावता? माझ्या शेजारच्या गाळ्यात पंपवाला आहे, त्याला सांगायचंय.

तांब्याची_तार

टाकी ५०० लिटरची. २५ अंशावरून ४०ला यायला ३ किलोवॉटच्या रॉडला जवळपास तीन तास लागतात, वरून फळी झाकली तरच. आम्ही पहाटे टायमरवर सुरू करतो. टेस्टिंगच्या वेळी रॉड पाण्यात नसतोच. प्लग काढायचा, रॉड बाहेर खुंटीला टांगायचा, आणि हाय व्होल्टेजच्या सेटची सप्लाय त्याच सॉकेटमधून घेतलीय. रॉड लावलेला असला तर सेट लावायला जागाच नाही.